बीडहून एका दिवसात धबधबा, कॉफी आणि पोहणं: जमेल का?

बिंदुसरेकाठचा

रामराम मंडळी.

भाची बेंगळुरूला नोकरीला असते. गेल्या महिन्यात मैत्रिणींबरोबर चिकमंगळूरला गेली होती. सकाळी जीपनं झरी धबधबा, मग मळ्यात बसून कॉफी, दुपारी मुक्कामाच्या ठिकाणी तळ्यात पोहणं. सगळे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, "मामा, बीडला असलं काही आहे का?" मी पण तावात लिहून बसलो, "महालक्ष्म्यांना ये, दाखवतो."

आता ती खरंच येतेय, मैत्रिणीला घेऊन. बायको रोज विचारते, काय दाखवणार? कंकालेश्वराचं देऊळ दाखवून झालं तिचं लहानपणीच.

महालक्ष्म्या उठल्या की दुसऱ्या दिवशी निघायचं आणि दिवे लागायच्या आत घरी. माणसं सहा: आम्ही दोघं, भाची, तिची मैत्रीण, बारावीतलं चिरंजीव आणि आमची आई. आईचं वय ७२, गुडघे गेलेले, पण मागं राहा म्हटलं की जेवण सोडते. गाडी सात सीटची आहे, जुनी आहे, घाटात तापते.

सौताड्याच्या धबधब्याला तेव्हा पाणी असेल का? पोहायला सुरक्षित जागा कोणती? आणि कॉफीचं काय करायचं? गावात एक-दोन कॅफे निघालेत, पण तिथं काचा काळ्या, आत अंधार आणि कॉफीवर बदामाचं चित्र. आईला घेऊन तिथं कसा जाऊ?

कट_चहा

कॉफी कामून पाहिजे? मांजरसुंब्याला उभ्या उभ्या कडक चहा पाजा, वरून रबडी. बेंगळुरूचं नाव काढायची नाही पोरगी.

सहा_चाकी

दादा, मी पाटोदा तालुक्यातला. बावीस वर्षं ट्रक चालवला, त्यातली निम्मी कर्नाटकात. आता गाडी पोराकडं आणि मी शेतात. म्हणून तुमच्या तिन्ही गोष्टींशी माझा थोडाफार संबंध आलाय. लांबण लागेल, पण वाचा.

पहिलं म्हणजे, धबधब्यात पोहायचं हे डोक्यातून काढून टाका. धबधबा बघायचा, तुषार अंगावर घ्यायचे, पाय ओले करायचे, बस. पोहायचं दुसरीकडं. चिकमंगळूरला पण ती तळ्यातच पोहली ना?

कामून ते सांगतो. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. आम्ही चौघं सौताड्याला खाली उतरलो होतो. वर आभाळ निळं, पाणी पोटरीएवढं, तळाचे खडे दिसत होते. एकजण कुंडात कमरेपर्यंत गेला. पलीकडच्या उतारावर एक म्हातारा शेळ्या राखत होता, तो ओरडायला लागला, "पाला आला, पाला!" आम्हाला वाटलं शेळ्यांना बोलावतोय. हसलो पण. मग माझ्या पायाला काहीतरी लागलं म्हणून खाली बघितलं तर बाभळीचा ओला पाला, काड्या, एक फाटकी चप्पल. आणि पाण्याचा रंग फिरला, कोऱ्या चहात दूध ओतावं तसा. वर पठारावर कुठंतरी पाऊस पडला होता आणि आम्हाला त्याचा थेंब माहीत नव्हता. कुंडातल्याला हाताला धरून ओढलं, देवळाकडं पळालो. दहा मिनिटांनी मागं बघितलं तर ज्या दगडावर कपडे ठेवले होते तो दगडच नव्हता. माझी पँट गेली, तिच्यात साठ रुपये आणि एसटीचं परतीचं भाडं. पाटोद्यापर्यंत मी टॉवेलवर आलोय.

तेव्हा पाला, काड्या, फेस दिसला, पाणी गढुळलं, आवाज बदलला, की सामान गोळा करत बसायचं नाही, उंचावर निघायचं.

शिवाय कुंडाची जागाच फसवी. आपला काळा खडक थरांचा आहे. खालचा मऊ थर पाण्यानं कोरून खाल्लेला असतो, वरचा कडक थर छज्जासारखा पुढं आलेला. कडेला पाय टेकतो, पुढचं पाऊल टाकलं की तळच नाही. वरून पाणी दाबतं आणि फेसाळ पाण्यात हवा इतकी भरलेली असते की चांगल्या पोहणाऱ्याच्याही हाताला पाणी लागत नाही. तुमचा बारावीवाला ऐकणार नाही, त्याला ही पँटची गोष्ट सांगा.

आता पाणी असेल का, ते मघा नक्षत्राला विचारा. "पडल्या तर मघा, नाहीतर ढगाकडं बघा." आपल्याकडचा पाऊस म्हणजे सह्याद्रीनं गाळून उरलेला. जुलैत सौताडा म्हणजे कधीकधी कड्यावरचा ओला डाग असतो. खरा जोर पूर्वा-उत्तरा नक्षत्रांत, म्हणजे तुमच्या महालक्ष्म्यांच्या आसपासच. निघायच्या आदल्या दिवशी पाटोद्यात कुणालाही फोन करा आणि विंचरणेला पाणी वाहतंय का एवढंच विचारा. ती जामखेडकडं जाणारी नदी, तिचंच पाणी तिथं कड्यावरून खाली पडतं.

जाताना सोलापूर रोडनंच जायचंय, तर शहर सुटल्यावर खजाना विहीर लागते, तिथं वीस मिनिटं थांबा. सोळाव्या शतकात निजामशाहीत सलाबतखानानं बांधलेली. मोट नाही, रहाट नाही, पाणी आपल्या उतारानं भुयारातून शेतापर्यंत जायचं. भाचीला सांगा, साडेचारशे वर्षांपूर्वी विनापंपाची ओलिताची सोय. पोहायला उतरू नका, ती वारशाची जागा आहे.

मांजरसुंब्याचा घाट सकाळी सहा-साडेसहाला चढा, गाडी तापणार नाही. वर गेल्यावर पाटोद्याकडं वळायचं. कपिलधार त्याच अंगाला आहे, मन्मथस्वामींच्या समाधीला लागूनच धार पडते. आईंना दर्शन घडेल, पण दोन्ही धबधबे एका दिवसात धरले तर पोहणं बोंबलेल. मी असतो तर कपिलधार येताना वेळ उरला तरच धरलं असतं. पाटोद्याच्या वाटेवर नायगावचं मोरांचं अभयारण्य लागतं. काचा खाली ठेवा, सकाळी ओरडणं ऐकू येतं.

सौताड्याला गंमत अशी की आधी कळतच नाही. दोन्हीकडं सपाट रान, बाजरी, तूर, आणि एकदम पायाखालची जमीन संपते. आईंना वर कठड्यापाशी बसवा, तिथून सगळा कडा दिसतो. बाकीच्यांनी पायऱ्यांनी रामेश्वराच्या देवळापर्यंत उतरायचं. शेवाळ असतं. रबरी स्लिपर घालून येणाऱ्याला परत पाठवा. उतरताना सगळे हसतात, चढताना वहिनी दोनदा बसतील.

पोहायचं मात्र विहिरीत. ओळखीच्या माणसाची विहीर, मालक काठावर उभा असताना. नसेल कुणी ओळखीचं तर मला व्यक्तिगत निरोप करा, आमची सात परस, म्हणजे सात पुरुष खोल आहे. भादव्यात वरचे दोन परस मोकळे असतात, खाली पाणी. एका बाजूनं पायऱ्या आहेत. वर बाभळीला सुगरणीची घरटी लोंबतात, त्यांच्या काड्या पाण्यावर पडलेल्या असतात, ती घाण नव्हे.

विहिरीचा एकच नियम मी पोरांना हाणून शिकवलाय. उतरायच्या आधी स्टार्टरपाशी जायचं, मोटर बंद करायची, ऑटो काढायचा आणि तिन्ही फ्यूज खिशात घालायचे. नुसतं बटण दाबून भागत नाही. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री, आणि प्रत्येकानं ऑटो बसवलेला. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. केबल कुठं सोललेली असली तर पाण्यातल्या माणसाला ओरडायला पण वेळ मिळत नाही. फ्यूज माझ्या खिशात असल्याशिवाय आमच्या विहिरीत कुणी पाय घालत नाही, पाहुणा असो नाहीतर सरपंच.

बाकी, पाइप आणि त्याच्या टोकाचा फुटबॉल, म्हणजे फूट व्हॉल्व्ह, ज्या बाजूला आहे तिकडं सूर मारायचा नाही. कपारीत दिवड असतो, बिनविषारी, माणसाला बघून तोच पळतो. पण भाचीला हे बाहेर आल्यावर सांगा. आमच्या वेळी पाठीला भोपळा नाहीतर पांगऱ्याचं लाकूड बांधून ढकलून द्यायचे. आता माझ्याकडं ट्रकची ट्यूब आहे, तीन माणसं लटकली तरी बुडत नाही.

कॉफीसाठी कॅफे शोधू नका, फिल्टर घ्या. मला हा नाद चित्रदुर्गाच्या अलीकडं लागला. पहाटे चारला गाडी लावली, डोळे मिटत होते. टपरीवाल्यानं विचारलं, "बाय टू?" मला कळेना. मग क्लीनरनं बोटांनी दाखवलं, एक कॉफी दोघांत. अर्धा पेला प्यायलो आणि हुबळीपर्यंत डुलकी आली नाही. पुढच्या खेपेला स्टीलचा फिल्टर घेऊनच आलो. घरच्यांना वाटलं तांब्या आणलाय.

रीत सोपी आहे. वरच्या भांड्याला बारीक भोकं असतात, त्यात चार चमचे पूड, वरून ती छत्री, म्हणजे दांडीची भोकाभोकाची चकती, हलकेच दाबायची. जोर लावला की थेंबच पडत नाही. मग उकळतं पाणी आणि झाकण. पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही, ठोकायचं नाही, हलवायचं नाही. खाली जो काळा अर्क पडतो तो पुन्हा उकळायचा नाही, कडू होतो. दूध उकळतं घ्यायचं आणि त्यात तो ओतायचा. चिकोरी, म्हणजे भाजलेल्या मुळाची भुकटी, असलेली पूड घ्या, वीस-तीस टक्के. जाणकार नाक मुरडतात, पण आपलं म्हशीचं दाट दूध नुसत्या कॉफीला खाऊन टाकतं, चिकोरीनं ती टिकते. आणि बोअरचं जड पाणी वापरू नका, चव मरते.

पहाटे पाचला अर्क काढून थर्मासात भरा. प्यायची मात्र सौताड्याला नाही. पोहून वर आल्यावर, केस ओले असताना, दात वाजत असताना प्यायची. दूध मी चुलीवर तापवून ठेवतो.

गोधडी

सहा_चाकी भाऊंनी छान लिहिलंय, पण पुरुषांच्या अंगानं. माझं माहेर बीडच, आता संभाजीनगरला असते. दोन गोष्टी.

मुली काय घालून पोहणार हे आधी ठरवा. विहिरीत बेंगळुरूचा पोहण्याचा वेश चालेलही, पण बांधावर दोन गडी उभे असले की पोरी अवघडतात. मालकांना सांगून गड्यांना तासभर लांब पाठवा. काळी लेगिंग आणि अंगाला बसणारा टी-शर्ट, ओढणी नको, गाऊन तर अजिबात नको. मी गाऊनवर उतरले होते एकदा, पाण्यात फुगा झाला आणि पायात अडकला. कपडे बदलायला गोठा असतो, पण कडी आहे का विचारा. जुनं लुगडं बरोबर ठेवा, आडोशाला होतं.

दुसरं, कॉफी कर्नाटकातूनच आणायला पाहिजे असं कोण म्हणालं? माझी आजी चहा करायची रोज आणि कॉफी करायची ठेवणीतली. उपवासाला, कुणी तापातून उठलं की, किंवा जावई आला की. निम्मं दूध निम्मं पाणी, साखर जास्त, उतरवताना सहाणेवर उगाळलेलं जायफळ. कॉफीचा वास नावापुरता, जायफळाचाच सगळा. आणि लग्नातली मशीनची कॉफी विसरलात का? तो फुस्स आवाज, वर चॉकलेटची भुकटी आणि पोरांची रांग. आम्ही नवरदेवापेक्षा त्या मशीनला जास्त बघितलंय. तुमच्या आईंना विचारून बघा, त्यांची कॉफी कशी होती.

सहा_चाकी

ताई, गोठ्याला कडी नव्हती. आज बसवली.

कट_चहा

एवढं सगळं करून रबडी राहूनच गेली म्हणा की यादीतून.

बिंदुसरेकाठचा

जाऊन आलो. सांगायला आठ दिवस लागले, कारण भाची गेल्यावर घरात मीच आजारी पडलो.

सौताड्याला पाणी होतं. फोटोत असतं तेवढं नाही, दोन जाड धारा आणि मध्ये कोरडा खडक. पण वरून आईनं बघितलं आणि एकदम गप्प झाली. पन्नास वर्षं बीडमध्ये काढली आणि इथं पहिल्यांदा आले म्हणाली. कुणी आणलंच नाही. ते वाक्य माझ्याकडं बघूनच होतं.

खाली देवळापर्यंत गेलो. बायको दोनदा नाही, चारदा बसली. पोरगा कुंडाकडं सरकला तेव्हा मी फक्त "पँट" एवढंच म्हणालो. भाचीच्या मैत्रिणीला एक पानांचा झुबका वाहत येताना दिसला आणि तिनंच "पाला! पाला!" करून सगळ्यांना वर पळवलं. पूर वगैरे काही नव्हता, वर कुणीतरी बैल धुवत होता. पण पळालो ते बरंच झालं, दम लागून सगळ्यांना भूक लागली.

खजाना विहिरीवर भाची जास्त रमली, हे मला अपेक्षित नव्हतं. पाणी कुठून येतं, कुठून जातं, उतार किती, असले प्रश्न. तिचं काम पाण्याच्या पाइपलाइनशी संबंधित आहे हे मला तिथं कळलं. सहा वर्षं मी तिला "कॉम्प्युटरमध्ये आहे" सांगत होतो लोकांना.

आता विहीर. सहा_चाकींनी फ्यूज खिशातून काढून दाखवले, मोजून तीन, मगच उतरा म्हणाले. भाची तिकडं रोज तलावात पोहते म्हणे, पण काठावर उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, तळ दिसत नाहीये." दहा मिनिटं नुसती पायरीवर. पोरानं वरून मुटका मारला, तिच्या अंगावर सगळं पाणी, तेव्हा रागानं उतरली. मग बाहेर यायलाच तयार नाही. दोघी ट्यूबला लटकून आभाळाकडं बघत होत्या. आई पायरीवर बसून सूचना देत होती, "पाय मार, पाय मार, हात काय हलवतेस नुसती." आईला पोहता येतं हे मला माहीत नव्हतं. लहानपणी भोपळा बांधून शिकली, लग्नानंतर पाण्यात गेली नाही. ट्यूब रिकामी झाल्यावर तिनं घोट्यापर्यंत पाय बुडवले आणि तशीच बसली. दिवडाचं आम्ही गाडीत सांगितलं. मैत्रीण किंचाळली, आई म्हणाली, "मला दिसला होता, डाव्या कपारीत."

कॉफीची फजिती माझी. पहाटे फिल्टर लावला, छत्री दाबली, पाणी ओतलं, अर्ध्या तासानं उघडून बघितलं तर खाली चमचाभर. जास्त दाबली होती. पुन्हा सगळं काढलं, पुन्हा भरलं, निघायला पाऊण तास उशीर, घाट तापलेल्या उन्हात चढलो आणि गाडीनं तिचं काम केलं. बोनेट उघडून उभे राहिलो तिथंच एका बाईकडून सीताफळं घेतली, कच्ची निघाली.

पण गोधडी ताई, तुमचं वाचून आईला विचारलं होतं. ती काही बोलली नाही. विहिरीवर सहा_चाकींनी चुलीवर दूध तापवलं, माझा अर्क ओतायला घेतला, तेवढ्यात आईनं पिशवीतून कागदाची पुडी काढली. घरून जायफळ किसून आणलं होतं. भाची म्हणाली, आजी, फिल्टर कॉफीत जायफळ घालत नाहीत. आई म्हणाली, मग तू नको घालू. पाच पेले बिनजायफळाचे झाले, एक जायफळाचा. मग भाचीनं आजीच्या पेल्यातला एक घोट घेतला, मग अजून एक, आणि शेवटी बाय टू करून दोघींनी संपवला.

कपिलधार राहिलं. आईला कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेची गर्दी झेपायची नाही, तर त्याच्या आधीच एखाद्या वारी नेतो. कट_चहा, रबडी खाल्ली, दोन वेळा.

आणि सहा_चाकी, तुमची ट्यूब आमच्या गाडीच्या मागच्या सीटखाली निघाली. पोरानं हवा न सोडता कशी कोंबली त्यालाच माहीत. कपिलधारला येताना आणून देतो. आईनं विचारलंय, विहिरीला तेव्हा पाणी किती परस असेल?